चूक मान्य केली असल्याने

अन्याय झाला तो एका स्वयंपाकिणीवर. धारवाडहून जाताना अळणावरच्या अलीकडे लागणाऱ्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत ती मुलांचं दुपारचं जेवण शिजवते. दिवस मागच्या श्रावणातला दुसरा मंगळवार, वेळ सकाळची, मुलं प्रार्थनेला उभी होती तेव्हाची. तिला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं, हातात एक कागद दिला आणि घरी जा म्हणून सांगितलं. तिचं नाव मी लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, तेवढं पुरे.

कागद कन्नडमध्ये होता. मराठीत सांगायचा तर असा: "विषयांकित प्रकरणी सदर कर्मचाऱ्याने आपली चूक मान्य केली असल्याने त्यांना कामावरून मुक्त करण्यात येत आहे." बस, एवढंच. काढून टाकलं असं नाही, मुक्त केलं. जसं काही कुणी तिला तिथं डांबून ठेवलं होतं. आणि मुक्त केलं कुणी? त्याचा पत्ता नाही. खाली एक सही होती, ती कोंबडीनं पाय घासावा तशी.

मी एका लहानशा कामगार संघटनेत पत्रकं लिहिते. हुबळीत, दाजीबानपेठेतल्या एका कापडाच्या दुकानावर आमची खोली आहे. कन्नड पत्रक मीच लिहिते, मराठीही मीच. अक्का त्याच आठवड्यात तिथं आली. गुडघ्यापर्यंत चिखल, छत्री मिटून दाराबाहेर ठेवलेली, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"हे वाच गं. मला वाचता येतंय, पण कळत न्हाई. ह्यात लिहिलंय मी चूक मान्य केली. कधी केली?"

मग तिनं झालेलं सांगितलं. एका शुक्रवारी तिनं डाळीचं नवं पोतं उघडलं तर कुबट वास आला. डाळ दोनदा धुतली, वास जाईना. ती हेडमास्तरांकडे गेली. ते म्हणाले, "आज एवढं चालवून घ्या, सोमवारी बघू." तिनं चालवून घेतलं नाही. शाळेशेजारच्या घरांतून ताक मागून आणलं, भात केला, वर हिंग-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि मुलांना ताकभात वाढला. मुलांनी मागून मागून खाल्ला. नेमकं त्याच दुपारी तपासणीला साहेब आले. भिंतीवर रंगवलंय, शुक्रवारी सांबार. ताटात ताक. साहेबांनी वहीत टिपून घेतलं आणि गेले.

पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याच्या कचेरीतून पत्र आलं, 'समजायिशी' द्या म्हणून. इकडच्या कन्नड कचेऱ्यांत खुलाशाला असं म्हणतात. शब्द ऐकून वाटतं कुणीतरी प्रेमानं समजूत काढणार आहे. अक्कानं समजायिशी दिली. तिच्याकडे त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. तो मी मोठा करून वाचला.

वर विषय, मग संदर्भ, मग साहेबांना नमस्कार. मधे एक लांबलचक वाक्य, त्यात डाळ, वास, हेडमास्तर, ताक सगळं कोंबलेलं. आणि शेवटी स्वतंत्र परिच्छेद: "तरी अशिक्षित व गरीब असलेल्या माझ्याकडून अजाणतेपणी काही चूक झाली असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी, ही नम्र विनंती."

"हे काय आहे अक्का?"

"काय?"

"क्षमा करावी म्हणून लिहिलंय."

"ते तर सगळ्याच अर्जात असतंय की," ती म्हणाली. मग फोटोकडे पुन्हा बघून, "अशिक्षित कशाला लिहिलं पण? मी सातवी शिकलेय."

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथं पत्रकाचं शीर्षक ठरवलं, मोर्चाचा दिवससुद्धा ठरवून टाकला. अक्का ऐकत होती. म्हणाली, "मोर्चा नको गं बाई. गावात आधीच बोलतात, हिनं पोरांच्या जेवणात कायतरी केलं म्हणून. कागदातच तसं आहे म्हटल्यावर लोकांचं काय चुकलं? मला माझं काम पाहिजे. आणि ते वाक्य काढून पाहिजे."

अर्ज लिहिला होता धारवाडातल्या एका अण्णांनी. सुभाष रोडला झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं टेबल आहे. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर. पन्नाशी उलटलेली, कपाळावर गंध, तोंडात लवंग. मी भांडायच्याच तयारीनं गेले.

"तुम्ही तिच्याकडून चूक कबूल करून घेतली अण्णा!"

"कूडरी, कूडरी, बसा आधी." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "कोण चूक कबूल करतंय?"

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बघितला आणि हसले. "ही ओळ? ही तर घातल्याशिवाय मी अर्ज बाहेरच सोडत नाही. हे बघ तंगी." धाकट्या बहिणीला इकडे तंगी म्हणतात. त्यांनी कॉम्प्युटरवर एक फाइल उघडली. रेशनकार्ड हरवल्याचा अर्ज, शेवटी क्षमा करावी. पाण्याची जोडणी मागणारा अर्ज, शेवटी क्षमा करावी. एका माणसाच्या म्हशीला कुणाच्या तरी गाडीनं उडवलं होतं, त्याच्याही अर्जात शेवटी क्षमा करावी.

"म्हशीवाल्याची काय चूक होती?"

"काही नाही. पण साहेबाकडं जायचं म्हटल्यावर दाराशी चप्पल काढतो का नाही? तसं हे. एकदा एका बाईनं हट्ट केला, ही ओळ नको म्हणून. मी काढली. साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, एवढा माज कुणाचा? तिला तीनदा परत पाठवलं. तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाही."

"तुम्ही माणसासाठी लिहिता का साहेबासाठी?"

"साहेबासाठी. वाचणार तो." मग त्यांनी माझ्या झोळीतून डोकावणाऱ्या पत्रकांकडे मान केली. "तू कुणासाठी लिहितेस? तुझ्या पत्रकात सगळीकडे कष्टकरी जनता. ती कुठल्या गल्लीत राहते? पत्ता दे, तिचाही अर्ज करून देतो."

बाजूचा झेरॉक्सवाला फिस्सकन हसला. मला राग आला होता, पण अण्णांवर नीट धरता येईना. उठताना त्यांनी अक्काच्या अर्जाची मूळ प्रत छापून हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. "माझ्यामुळं झालं असेल तर वाईट झालं," म्हणाले. "पण तुम्ही लिहाल त्यात जपून लिहा. ती बाई पुन्हा त्याच दारात उभी राहणार आहे. तुम्ही नाही."

घरी आले ती कागद अप्पांच्या पुढ्यात टाकला. माझे वडील आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, कारकुनापासून सुपरिंटेंडंटपर्यंत चढले. निवृत्त झाले तरी कचेरी घरात आहे. चहा झाला का असं ते आईला विचारत नाहीत, "चहाचं काय झालं ते कळवावं" म्हणतात. आणि आई आतून सांगते, "बाब विचाराधीन आहे."

अप्पांनी कागद दोनदा वाचला. मग अर्ज वाचला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"अर्ज कुणी वाचलेला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? वाचूनच तर चूक मान्य केली असं लिहिलंय ना?"

"शेवट वाचलाय. बघ, टेबलावर अर्जांची चळत असते. आधी विषय बघायचा, मग थेट शेवटच्या परिच्छेदावर यायचं. मागणी तिथं असते. मधे काय असतं? मधे घरची हकीकत असते. बापाचं आजारपण, मुलीचं लग्न. ते वाचत बसलं तर दिवस पुरत नाही. आम्हाला आमच्या वरच्यांनी असंच शिकवलं, आम्ही आमच्या खालच्यांना शिकवलं. इथं खालच्या माणसानं शेवट वाचला. शेवटी चूक आणि क्षमा. त्यानं टिपणी मांडली, कर्मचाऱ्याने चूक मान्य केली आहे, आदेश व्हावेत. वरच्यानं टिपणी वाचली, अर्ज नाही. त्याच्या वरच्यानं खालची सही बघून आपली केली."

"मग डाळीचं कुणी वाचलं?"

अप्पांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

एवढं साधं होतं ते. कुणी कट केला नव्हता. अर्ज लिहिणारा शेवटी क्षमा घालतो, कारण साहेबाला ती लागते. साहेबाचा माणूस फक्त शेवट वाचतो, कारण मधे काही नसतं असं त्याला वाटतं. दोघं आपापलं काम नेहमीसारखं करतात आणि मधे एक बाई चुलीपासून उठवली जाते.

मी अप्पांवरच घसरले. "आणि हे 'करण्यात येत आहे' काय आहे? केलं कुणी ते लिहायला हात का जात नाही तुमचा?"

अप्पा चिडले नाहीत. नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांनी एका टिपणीत लिहिलं होतं, मी जागेवर जाऊन पाहणी केली. वरच्या साहेबांनी 'मी'वर लाल रेघ मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मी म्हणजे कोण? तुम्ही कोण लागून गेलात?" तेव्हापासून अप्पांनी कधी मी लिहिला नाही. "आणि खरं सांगू? नंतर बरं वाटायला लागलं. गावातला पुढारी येऊन ओरडायचा, कुणी नामंजूर केलं? कागदात कुणीच नसायचं. लहान कारकुनाला तेवढंच पांघरूण असतं गं."

कारकुनाला पांघरूण, हे मला पटलं. पण अक्काला काय होतं?

पुढच्या रविवारी अक्का आमच्या घरी आली. येताना गावाकडच्या काकड्या घेऊन आली होती, त्या आईनं चिरून मधे ठेवल्या. नवा अर्ज लिहायचा होता. अप्पांनी सुरुवात केली, "सविनय सादर करण्यात येते की". मी ते खोडलं आणि लिहिलं, "माझ्यावर घोर अन्याय झाला आहे". अप्पांनी ते खोडलं. "घोर म्हटलं की कारकुनाला संघटना दिसते," म्हणाले. मी म्हटलं, दिसू दे. ते म्हणाले, मग तूच जा कामाला त्या शाळेत.

अक्का एकदा अप्पांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "तुमचं भांडण मिटलं की मला हाक मारा," ती म्हणाली. "तवर मी आत तुझ्या आईला मदत करते."

तिला बसवलं. म्हटलं, त्या दिवशी दाजीबानपेठेत मला सांगितलंस तसंच अप्पांना सांग. ती मराठीत सांगत गेली, अप्पा एकेक वाक्य कन्नडमध्ये उतरवत गेले. अर्ज असा झाला:

"मी चूक केलेली नाही. मला कामावर परत घ्या आणि मी चूक मान्य केली हे वाक्य आदेशातून काढा. शुक्रवारी डाळीला वास येत होता. मी ती दोनदा धुतली, वास गेला नाही. मी प्रार्थनेआधी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, आज एवढं चालवून घ्या. मी तसं केलं नाही, कारण खाणारी मुलं लहान आहेत. मी शेजारून ताक आणून भात वाढला. कुणाचं पोट दुखलं नाही. मी चूक केलेली नाही. मला कामावर परत घ्या आणि ते वाक्य काढा."

मागणी वर आणि तीच पुन्हा खाली, ही अप्पांची युक्ती. "वरून वाचा नाहीतर खालून," ते म्हणाले, "चुकणार नाही."

मी खूश होते. अक्काला वाचून दाखवला तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"काय झालं?"

"हे लई उघडं वाटतंय. डोक्यावर पदर न घेता बाजारात गेल्यागत." मग हळूच, "ती क्षमेची ओळ घाला की एक. मोठ्या माणसाला कागद द्यायचा आणि हात जोडायचा न्हाई?"

"अक्का! त्या ओळीनंच तर गेलं ना सगळं?"

"व्हय, कळतंय मला. पण बरं न्हाई दिसत."

मला वाटलं आता अप्पा तिचीच बाजू घेणार. त्यांनी टोपण पेनाला लावलं. म्हणाले, "अक्का, हात तुम्ही तिथं समोर जोडा. दिसतील त्यांना. कागदात जोडलेले हात कागद संपला तरी सुटत नाहीत."

ते तिला पटलं. तिनं सही केली. मराठीत, सावकाश, ळ सुद्धा नीट वळवून.

कचेरीत मी तिच्याबरोबर गेले, पण बोलायचं नाही असं मला घरूनच बजावलं होतं. टेबलाशी एक तरुण कारकून होता, माझ्याच वयाचा. त्यानं विषय वाचला आणि अप्पा म्हणाले होते तसाच थेट खाली उतरला. तिथं थांबला. परत वर गेला.

"येन्री इदु?" हे काय हो? "क्षमा-बिमा काही नाही?"

अक्कानं हात जोडले. "ते मी तोंडानं मागते साहेब. कागदात नको."

तो हसला. आणि मग, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यानं मधलं वाचलं. उभ्यानंच वाचलं. वाचून झाल्यावर कन्नडमध्ये तिला विचारलं, "ताक कुणाकडनं आणलं, अक्का?" तिनं घरं सांगितली. तो म्हणाला, "मी पण असल्याच जेवणावर शिकलो. वास येणारं सांबारही खाल्लंय. आमची शिजवणारी बाई कुणाला विचारायला जायची नाही." मग पोच दिली आणि आवाज खाली केला. "मी टिपणी नीट मांडतो. वर काय होईल ते माझ्या हातात नाही."

त्यानं नीट मांडली असणार. कारण दसऱ्यानंतर आदेश आला. अक्का परत कामावर. आमच्या खोलीत आनंदीआनंद, कुणीतरी मिरची-भजी आणली. मग मी आदेश पूर्ण वाचला.

"सदर कर्मचाऱ्याच्या कौटुंबिक परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, त्यांनी यापूर्वी मान्य केलेली चूक विशेष बाब म्हणून माफ करण्यात येऊन, त्यांना कामावर पुन्हा घेण्यात येत आहे."

कौटुंबिक परिस्थिती आम्ही कुठं लिहिली होती? दया कुणी मागितली होती? डाळ नाही, हेडमास्तर नाहीत, ताक नाही. कारकुनानं मधलं वाचलं, पण कागद जसजसा वर चढला तसतसं ते पुन्हा गळून गेलं, आणि वर पोचली ती तीच जुनी गरीब बाई आणि तीच चूक. ह्या लोकांना नोकरी परत देता येते. पण तुझं बरोबर होतं, हे लिहिता येत नाही. त्यासाठी त्यांच्याकडे वाक्यच तयार नाही.

हेडमास्तरांनी तो आदेश पालकसभेत वाचून दाखवला. वाईट हेतूनं नसेल, वाचायचा असतोच. बायका अक्काला म्हणाल्या, "साहेबांनी माफ केलं म्हणे तुला. नशीब काढलंस."

मागच्या महिन्यात मी गावात गेले होते. जेवणाची सुट्टी होती. मुलं ताटं घेऊन रांगेत, अक्का पळीनं वाढत होती, एकाला ओरडत होती, "सांडू नको रे, तुझा अप्पा येऊन पुसणार हाय का?" बरं वाटलं बघून. सगळं आवरल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो.

"काम मिळालं, तुमचे उपकार," ती म्हणाली. "पण परवा एका पोरीचं पोट दुखलं. घरी जत्रेचं खाल्लं होतं तिनं. तरी तिची आई आधी माझ्याकडं आली. भांडली न्हाई. नुसती चुलीकडं बघून गेली." तिनं पातेलं उपडं केलं. "बोलली असती तर मी सांगितलं असतं. बघून गेली, तिला काय सांगू?"

त्यानंतर आम्ही आणखी एक अर्ज दिलाय. त्यात फक्त एवढंच मागितलंय: ते वाक्य काढा. तो तरुण कारकून आता दुसऱ्या विभागात गेलाय. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी विषय वाचला, शेवट वाचला, आणि मनापासून म्हणाल्या, "काम मिळालंय ना हो, मग आता कशाला?" अर्ज ठेवून घेतला. तो तिथंच आहे.

हे वाचणाऱ्यांत कचेरीतली माणसं आहेत, हे मला माहीत आहे. हुबळी-धारवाडात आपल्या मराठी घरांतून एक तरी माणूस सरकारी टेबलाच्या पलीकडे बसलेला असतोच. शिक्षक असतात, वकील असतात. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. मी अशाच एका माणसाच्या घरात वाढले. पण तो अर्ज तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर आहे. चळत उपसा आणि तो बाहेर काढा. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचा. मग आदेशात लिहा की त्या बाईनं कुठलीही चूक केली नव्हती, तिनं मुलांना खराब डाळ खाऊ घातली नाही. आणि त्याखाली वाचता येईल अशी तुमची सही करा.